परकी संहिता आणि यजमानाचा अधिकार

१

'संहिता' हा शब्द आज मराठीत तीन वेगवेगळ्या व्यवहारांत वापरला जातो. साहित्यकृतीच्या शब्दरूपाला समीक्षक संहिता म्हणतात. प्रयोगापूर्वी नाटक ज्या लिखित रूपात असते त्याला नाट्यसंहिता म्हणतात. आणि कायद्याच्या क्षेत्रात संहिता म्हणजे नियमांचा असा समुच्चय, की ज्याच्या उल्लंघनाचे परिणाम भोगावे लागतात. पहिली संहिता वाचली जाते, दुसरीचा प्रयोग होतो, तिसरीची अंमलबजावणी होते. वाचन, प्रयोग आणि अंमल यांच्यामध्ये अंतर असते, आणि या अंतरातच वाचकाचे, नटाचे व न्यायाधीशाचे स्वातंत्र्य वसत असते. वाचक संहितेशी असहमत होऊ शकतो, नट संवादाला निराळा सूर देऊ शकतो, न्यायाधीश कलमाचा अर्थ लावू शकतो.

संगणकाच्या आज्ञावलीच्या बाबतीत हे अंतर जवळजवळ नाहीसे होते. तीही कोणीतरी अक्षरांत लिहिलेली असते. परंतु ती चालवणे हाच तिचा प्रयोग आणि हाच तिचा अंमल असतो. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकारच्या संहितेकडे केवळ तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहू नये, असे मला वाटते. शब्द आणि कृती, लेखक आणि कर्ता, वाचन आणि जबाबदारी यांच्या संबंधाविषयी जे प्रश्न आपण साहित्याच्या संदर्भात सैलपणे विचारत आलो, ते येथे टाळता न येण्याजोग्या स्वरूपात समोर येतात.

प्रस्तुत निबंधात यांपैकी एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अनेक संकेतस्थळे आणि वेब-अ‍ॅप्लिकेशने आपल्या वापरकर्त्याला स्वतःची स्क्रिप्ट लिहून तेथल्या तेथे चालवण्याची मुभा देतात. हिशेबाच्या तक्त्यात स्वतःचे सूत्र रचणारा कारकून, वर्गातील अभ्यास म्हणून चार ओळींची आज्ञावली लिहिणारी विद्यार्थिनी, खेळाच्या आभासी जगात नवी वस्तू घडवणारा मुलगा हे सर्व या मुभेचे लाभार्थी होत. ही मुभा देणाऱ्याने आपण न वाचलेली, परक्याने लिहिलेली संहिता आपल्या घरात प्रयोगासाठी स्वीकारलेली असते. ती स्वीकारावी काय? आणि स्वीकारल्यास तिच्या हातून जे घडेल त्याचा कर्ता कोण?

२

प्रथम हे पाहिले पाहिजे, की परक्याचे शब्द आपल्या घरात असणे आणि ते आपल्या घरात बोलले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संकेतस्थळावर कोणी काही लिहिले की ते अक्षरांच्या रूपात साठवले जाते. तोपर्यंत ते अवतरणचिन्हांत ठेवलेल्या वाक्यासारखे असते: उल्लेख आहे, उच्चार नाही. ब्राउझरने ती अक्षरे आज्ञा म्हणून घेतली की अवतरणचिन्हे गळून पडतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीसाठी जी भाषा रचली, ती जावास्क्रिप्ट. तिच्यात 'इव्हॅल' नावाचे फलन आहे. त्याच्या हाती अक्षरांची कोणतीही माळ दिली असता ते तिला आज्ञावली मानून चालवते. अवतरण आणि उच्चार यांच्यामधील उंबरठा या एका शब्दात सामावला आहे.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत काही वाक्ये वर्णन करीत नाहीत तर कृती करतात, हे दाखवून दिले. वचन देणे, नाव ठेवणे, मृत्युपत्र करणे ही अशी वाक्ये. परंतु ती सफल होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य परिस्थिती आणि मान्य संकेत आवश्यक असतात. रंगमंचावर नटाने दिलेले वचन त्याला बांधत नाही. म्हणून ऑस्टिन यांनी अशा उच्चारांना आपल्या विवेचनाबाहेर ठेवले, आणि पुढे देरिदा यांनी नेमक्या याच वगळण्यावर बोट ठेवले. त्यांच्या मते कोणतेही वाक्य मूळ संदर्भातून उचलून दुसरीकडे ठेवता येणे हा अपवाद नसून भाषेचा स्वभाव आहे.

वापरकर्त्याच्या स्क्रिप्टने हा वाद व्यवहारात आणून ठेवला आहे. ती स्वभावतःच एकीकडे लिहिली जाते आणि दुसरीकडे उच्चारली जाते. मात्र ऑस्टिन यांच्या अटींपैकी 'योग्य व्यक्ती' ही अट यंत्र आपण होऊन तपासत नाही. 'इव्हॅल'च्या हाती आलेली अक्षरे कोणी लिहिली हे ते विचारत नाही. ज्या पानाने त्याला बोलावले त्या पानाचे सर्व अधिकार ते त्या अक्षरांना देऊन टाकते. शब्द परक्याचे, अधिकार यजमानाचा. नैतिक प्रश्नाचे बीज येथे आहे.

३

या प्रश्नाला मानवी चेहरा कसा असतो हे एका जुन्या प्रसंगातून दिसते. १९९० साली पॅव्हेल कर्टिस यांनी अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधनसंस्थेत 'लॅम्डामू' नावाचे एक जग उभे केले. त्यात चित्रे नव्हती; सारे जग वाक्यांचेच होते. दूरदूरचे लोक त्यात टोपणनावाने प्रवेश करीत, आणि एकाने केलेली कृती त्या दालनातील इतरांच्या पडद्यावर वाक्याच्या रूपात उमटे. या जगाचे वैशिष्ट्य असे, की त्यातील वस्तू तेथील रहिवासीच आज्ञावली लिहून निर्माण करू शकत. वाचकांना लेखक होण्याची मुभा देणारी ही एक अपूर्व संहिता होती.

१९९३ मध्ये एका रहिवाशाने एक बाहुली घडवली. ती चालवली की दालनातील इतर व्यक्तींच्या नावाने वाक्ये उमटत. जणू त्या व्यक्ती स्वतःच ती कृत्ये करीत आहेत. त्याने तिचा उपयोग लैंगिक हिंसेची दृश्ये इतरांवर लादण्यासाठी केला. ज्युलियन डिबेल यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात 'व्हिलेज व्हॉइस' या पत्रात या घटनेवर लिहिलेला लेख पुढे या विषयावरील चर्चेचा आरंभबिंदू ठरला.

केवळ शब्दांनी कोणाला इजा होते काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. परंतु तो मुद्द्याला स्पर्श करीत नाही. घृणास्पद वाक्ये त्या जगात इतरही अनेकांनी लिहिली असतील. बाहुलीचे कृत्य निराळे होते: तिने वाक्यांचा कर्ता बदलला. मराठी व्याकरणात प्रयोजक क्रियापद असते. 'करणे' याचे 'करवणे' होते, आणि वाक्यात करणारा व करवणारा असे दोघे दिसू लागतात. बाहुलीने करवणाऱ्याला वाक्यातून पुसून टाकले आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांना करणारे म्हणून उभे केले. एखाद्याच्या अंगावर शिवी फेकणे हा अपराध आहे. पण त्याच्याच तोंडून ती वदवणे हा वेगळ्या जातीचा अपराध आहे, कारण त्यात त्याचे कर्तेपण हिरावले जाते.

या घटनेच्या आधी आणि नंतर यजमानांनी काय केले, तेही बोधप्रद आहे. १९९२ च्या डिसेंबरात तेथील व्यवस्थापकांनी जाहीर केले होते, की यापुढे ते केवळ तांत्रिक कामे पाहतील. समाजाचे निर्णय समाजाने घ्यावेत. बाहुलीच्या प्रसंगानंतर रहिवाशांत दीर्घ चर्चा झाली, एकमत झाले नाही, आणि अखेर एका व्यवस्थापकाने स्वतःच्या जबाबदारीवर त्या रहिवाशाला काढून टाकले. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत सुरू केली. १९९६ च्या मे महिन्यात मात्र व्यवस्थापकांनी जुनी घोषणा मागे घेतली. तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत, हे त्यांना मान्य करावे लागले. कोणती आज्ञावली कोणाच्या नावाने वाक्य उमटवू शकते, हे ठरवणे तांत्रिक होते आणि तेच त्या जगाचे राजकारणही होते.

४

यावर एक सरळ उपाय सुचतो: परक्याची संहिता चालवण्यापूर्वी ती नीट वाचावी आणि वाईट असेल ती नाकारावी. साहित्याच्या जगात याला संपादन म्हणतात, आणि सत्ता ते करू लागली की अभ्यवेक्षण. हा उपाय का अपुरा पडतो, हे २००५ सालच्या एका घटनेवरून स्पष्ट होते.

'मायस्पेस' या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याला आपले पान सजवण्याची मुभा होती. स्क्रिप्ट लिहिण्याची मात्र नव्हती. त्यासाठी संकेतस्थळ सदस्यांच्या लेखनातून ठरावीक शब्द गाळत असे. सॅमी कामकार या तरुणाने निषिद्ध शब्द मध्येच तोडून दोन ओळींवर लिहिला. गाळणीला तो निषिद्ध शब्द वाटला नाही. काही ब्राउझरांना मात्र तो तोच शब्द वाटला. ४ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने ही स्क्रिप्ट आपल्या पानावर ठेवली. जो ते पान उघडे त्याच्याच ब्राउझरमध्ये, त्याच्याच ओळखीने, ती चालत असे: कामकारला मैत्रीची विनंती पाठवी, वाचकाच्या पानावर कामकार आपला नायक असल्याची ओळ लिही, आणि स्वतःची प्रत तेथे ठेवून देई. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून अधिक सदस्यांच्या नावाने हे घडले. २००७ च्या जानेवारीत कामकारने लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

या घटनेचा पहिला बोध वाचनाविषयी आहे. गाळणी आणि ब्राउझर यांनी एकच संहिता दोन प्रकारे वाचली. ज्याचे वाचन अधिक उदार होते, त्याच्याच वाचनाला कृतीचे बळ होते. संहितेला एकच अर्थ नसतो, हे विधान समीक्षेत आपण मुक्ततेच्या आनंदाने करीत आलो. येथे तेच विधान यजमानाच्या असहायतेचे वर्णन ठरले.

गाळणी अधिक कुशल केली तरी अडचण संपत नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले, की कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगेल अशी एक सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही. एच. जी. राइस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाने ही मर्यादा आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या प्रत्येक अर्थपूर्ण प्रश्नाला लागू असल्याचे दाखवले. विशिष्ट आज्ञावली वाचून कळू शकते. परंतु येणारी प्रत्येक संहिता वाचून तिचे वर्तन आधीच ओळखणारा वाचक अशक्य आहे. ही वाचकाच्या आळसाची किंवा अडाणीपणाची बाब नव्हे. संहितेच्या स्वरूपातच ती मर्यादा आहे. म्हणून यजमानाची नैतिकता 'मी नीट वाचले होते' या वाक्यावर उभी राहू शकत नाही.

दुसरा बोध कर्तेपणाविषयी आहे. ज्या दहा लाख सदस्यांच्या नावाने विनंत्या गेल्या, त्यांनी केवळ एक पान उघडले होते. १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून वाचकाच्या जन्माचे स्वागत केले. येथे वाचक जन्मला तो कर्ता म्हणूनच, पण आपल्या नकळत. वाचनाच्या क्षणी त्याचा अधिकार उसना घेतला गेला आणि लेखक मात्र पूर्णपणे जिवंत होता.

५

या स्थितीला मराठीत एक नेमका शब्द उपलब्ध आहे, असे मला वाटते. संगणकाच्या परिभाषेत जे यंत्र परक्याची आज्ञावली आपल्याकडे चालवते त्याला 'होस्ट' म्हणतात. आपण त्याला यजमान म्हणू. मराठीत यजमान म्हणजे पाहुण्याचे आतिथ्य करणारा. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्यासाठी यज्ञ केला जातो तो. कृती ऋत्विज करतात, फळ यजमानाला मिळते. म्हणजे कृती एकाची आणि कर्तृत्व दुसऱ्याचे, ही रचना आपल्या परंपरेला अपरिचित नाही. मीमांसकांनी तिचा बारकाईने विचार केला आहे. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकार या विषयालाच वाहिलेला आहे.

ही रचना ज्यावर तोलली जाते ती गोष्ट म्हणजे संकल्प. विधीच्या आरंभी यजमान स्थळ, काळ, आपले नाव व गोत्र आणि कृतीचा हेतू उच्चारतो. दुसऱ्याच्या हातून होणारी कृती कोणाच्या नावाने, कोठे, केव्हा आणि कशासाठी, हे त्यातून निश्चित होते. मायस्पेसच्या सदस्यांची अवस्था संकल्पाशिवाय यजमान झालेल्या माणसासारखी होती. लॅम्डामूच्या रहिवाशांचीही तीच.

परंतु येथे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. त्याच सहाव्या अध्यायात शूद्रांना वैदिक यज्ञाचा अधिकार नाही, असा निर्णय दिलेला आहे. बादरी या आचार्याचे मत सर्वांना अधिकार असल्याचे होते. ते नाकारले गेले. अधिकाराच्या विचारात दोन प्रवृत्ती एकत्र नांदत होत्या: एक कृतीला मर्यादा घालणारी, दुसरी माणसांना वगळणारी. पहिली घेऊन दुसरी निःसंदिग्धपणे नाकारल्याशिवाय या परंपरेचा उपयोग आपण करू शकत नाही.

हा इशारा केवळ इतिहासासाठी नाही. परक्या स्क्रिप्टच्या बाबतीतही यजमानापुढे हेच दोन मार्ग असतात. एक मार्ग माणसांची प्रतवारी करण्याचा: विश्वासू लोकांना लिहू द्यावे, इतरांना केवळ वाचू द्यावे. तो सोपा वाटतो, आणि जेथे कृतीला मर्यादा घालणे खरोखर शक्य नसते तेथे तो काही प्रमाणात अपरिहार्यही असेल. परंतु तो सर्वसामान्य नियम झाला की लेखनाचा अधिकार ओळखीच्या, सुस्थित, आधीच सत्ता असलेल्या वर्तुळात राहतो. शिवाय तो सुरक्षितही नसतो. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये 'गोंधळलेला मुखत्यार' असे नाव देऊन वर्णिलेली घटना याची साक्ष देते. पूर्णपणे विश्वासू अशा एका आज्ञावलीला स्वतःच्या कामासाठी एका राखीव जागेत लिहिण्याचा अधिकार होता. वापरकर्त्याने तिला आपले फलित ठेवण्यासाठी नाव म्हणून तेथीलच देयकांच्या नोंदीचे नाव दिले, आणि तिने त्या नोंदींवर लिहून त्या पुसल्या. मुखत्यार अप्रामाणिक नव्हता. आपण आता कोणाच्या अधिकाराने वागत आहोत, हे सांगण्याची सोयच त्याच्यापाशी नव्हती.

६

दुसरा मार्ग कृतीला मर्यादा घालण्याचा. मुलांना खेळण्यासाठी कडा घातलेला वाळूचा चौकोन देतात, त्यावरून संगणकतज्ज्ञ त्याला 'सँडबॉक्स' म्हणतात. परक्याची स्क्रिप्ट चालते, मात्र तिला दिलेल्या गोष्टींपलीकडे तिच्या हाती काहीच नसते: यजमानाची ओळख नाही, इतरांची कागदपत्रे नाहीत, अमर्याद काळ नाही. ती अनंत काळ चालणार की नाही, हे ट्युरिंग यांच्या सिद्धान्तामुळे आधी ओळखता येत नसेल, तर तिला मोजका वेळ द्यावा आणि तो संपताच थांबवावे. न वाचता येणाऱ्या संहितेशी सभ्यपणे वागण्याची ही रीत आहे.

विकिपीडियाने २०१३ पासून आपल्या पानांत ल्युआ या भाषेतील आज्ञावली लिहिण्याची सोय केली. पाने घडवणारे कोणीही सदस्य ती लिहू शकतात. मराठी विकिपीडियावरील अनेक साचेही आज अशा आज्ञावलींवर चालतात. या आज्ञावली बाहेरच्या जाळ्याशी बोलू शकत नाहीत, आणि एक पान तयार होताना त्यांना चालण्यासाठी साधारण दहा सेकंदांचा यंत्रकाल मिळतो. येथे संकल्पाची सारी अंगे दिसतात: स्थळ, काळ, हेतू. प्रत्येक बदलाच्या नोंदीत बदल करणाऱ्याचे नावही राहते. याउलट सर्व वाचकांच्या ब्राउझरमध्ये त्यांच्या ओळखीने चालणारी स्क्रिप्ट बदलण्याचा अधिकार २०१८ पासून निवडक सदस्यांपुरताच ठेवण्यात आला आहे. हा भेद विवेकाचा आहे. जेथे कृती मर्यादित आहे तेथे माणसांना दार मोकळे. जेथे कृती दुसऱ्याच्या नावाने होणार तेथेच माणसांची निवड.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. चौकोनाच्या कडा यजमानच आखतो. वापरकर्त्याला आत स्वातंत्र्य आहे. पण कडा कोठे असाव्यात, यात त्याला शब्द नाही. ज्याने वाळू दिली त्याने समुद्र नाकारला, असेही म्हणता येईल. हा आक्षेप खरा आहे, आणि तांत्रिक कौशल्याने तो सुटत नाही. लॅम्डामूच्या व्यवस्थापकांना जे १९९६ मध्ये मान्य करावे लागले, ते येथेही मान्य केले पाहिजे: कडा आखणे ही सत्ता आहे. म्हणून त्या कडा रहिवाशांना दिसतील अशा असाव्यात, त्यांची कारणे सांगितली जावीत, आणि त्या बदलण्याची मागणी करण्याचा मार्ग खुला असावा. अदृश्य कडांचा चौकोन आणि अभ्यवेक्षण यांच्यात फारसे अंतर नाही.

तथापि या आक्षेपावरून मर्यादाच नको, असा निष्कर्ष निघत नाही. कडा नसलेले अंगण सर्वांचे नसते. ते सर्वात धीट माणसाचे असते. बाहुली घडवणाऱ्याचे स्वातंत्र्य अबाधित ठेवणारे जग इतरांचे कर्तेपण सुरक्षित ठेवू शकले नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नांकडे परत येऊ. परक्याची संहिता घरात स्वीकारावी काय? स्वीकारावी, कारण न स्वीकारणे म्हणजे बहुसंख्यांना कायमचे वाचक ठेवणे होय. तिच्या हातून घडेल त्याचा कर्ता कोण? लिहिणारा तर आहेच. परंतु त्याच्या शब्दांना दुसऱ्याचे नाव व दुसऱ्याचा अधिकार ज्याने मिळू दिला, तो यजमानही त्या कृतीत सहभागी आहे; मग त्याने ती संहिता वाचलेली असो वा नसो. पाहुण्याचे मन ओळखणे हे यजमानाचे कर्तव्य नव्हे, कारण ते कोणालाच शक्य नाही. आपल्या छताखाली कोणाचाही शब्द दुसऱ्याच्या नावाने उच्चारला जाणार नाही, एवढे पाहणे मात्र त्याचे कर्तव्य आहे, आणि ते शक्य आहे.